वर्गणी, विश्वास आणि हिशेब : चार शिक्षणसंस्थांच्या निधिसंकलनाचा इतिहास

प्रास्ताविक

शिक्षणसंस्थांचा इतिहास लिहिताना संस्थापकांचे विचार, इमारती, विद्यार्थीसंख्या आणि निकाल यांची नोंद आवर्जून घेतली जाते. पैसा कोठून आला, कसा मागितला गेला, कोणाच्या हातात राहिला आणि कधी बुडाला, हा भाग मात्र बहुधा एखाद्या परिशिष्टात ढकलला जातो. वास्तविक कोणतीही संस्था पहिली दहा-वीस वर्षे टिकते की नाही, हे बहुतांशी याच भागावर ठरते.

आज अल्पसंख्याक समाजाच्या अनेक संस्थांमध्ये निधी जमविण्याचे काम शिक्षकांकडे येते. रमजानमध्ये पावतीपुस्तके घेऊन फिरणे, माजी विद्यार्थ्यांना पत्रे लिहिणे, कंपन्यांकडे प्रस्ताव पाठविणे ही कामे करणाऱ्या प्राध्यापकाला त्याचे शिक्षण कोठेही मिळालेले नसते. अशा वाचकाला उपयोगी पडावे या हेतूने प्रस्तुत लेखात अलीगढचे मोहमेडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेज, धोंडो केशव कर्वे यांचे महिला विद्यापीठ, कर्मवीर भाऊराव पाटील यांची रयत शिक्षण संस्था आणि दिल्लीची जामिया मिल्लिया इस्लामिया या चार संस्थांच्या निधिसंकलनाचा आढावा घेतला आहे. चारही संस्थांच्या इतिहासात एक समान प्रश्न दिसतो. प्रारंभी लोक पैसा देतात तो एका व्यक्तीकडे पाहून. त्या व्यक्तीवरचा विश्वास संस्थेवरच्या विश्वासात केव्हा आणि कसा रूपांतरित होतो?

1. अलीगढ : मागण्याची कला

सर सय्यद अहमद खान (1817–1898) यांनी 1869–70 मध्ये इंग्लंडचा प्रवास करून तेथील विद्यापीठे पाहिली. परतल्यावर त्यांनी इमारतीला हात घातला नाही. आधी 1870 च्या अखेरीस बनारस येथे मुसलमानांच्या शिक्षणाच्या स्थितीचा विचार करणारी समिती स्थापन केली, ‘तहजीबुल अखलाक’ हे नियतकालिक सुरू केले आणि 1872 मध्ये निधी जमविण्यासाठी स्वतंत्र समिती नेमली. 24 मे 1875 रोजी अलीगढला शाळेचे उद्घाटन झाले आणि 8 जानेवारी 1877 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या हस्ते कॉलेजची कोनशिला बसली. प्रश्नाची मांडणी, नंतर वृत्तपत्रीय प्रचार, नंतर निधी समिती आणि शेवटी इमारत, हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आजच्या अनेक संस्था कोनशिलेपासून सुरुवात करतात आणि पायाभरणीच्या पुढे जाऊ शकत नाहीत.

सर सय्यद यांच्या मागण्यात संकोच नव्हता. व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांनी शिष्यवृत्त्यांसाठी स्वतःचे 10,000 रुपये दिले. हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांनी मदत केली व हैदराबाद संस्थानाकडून वार्षिक अनुदान मिळू लागले. पतियाळासारख्या मुस्लिमेतर संस्थानिकांनीही देणग्या दिल्या. राजा जयकिशनदास हे त्यांचे निकटचे स्नेही आणि सहकारी होते. मुसलमानांच्या शिक्षणासाठी काढलेल्या संस्थेचे दाते केवळ मुसलमान असावेत, अशी मर्यादा त्यांनी घालून घेतली नाही आणि कॉलेजचे दरवाजेही हिंदू विद्यार्थ्यांना खुले ठेवले. मागण्याचे क्षेत्र विस्तृत ठेवायचे तर लाभाचे क्षेत्रही काही प्रमाणात विस्तृत ठेवावे लागते, हे त्यांनी ओळखले होते.

दुसरी गोष्ट दात्याच्या नावाची. कुंपणाच्या भिंतीसाठी 25 रुपये देणाऱ्याचे नाव भिंतीवर कोरले जाई. खोल्या व सभागृह यांसाठी याहून मोठ्या रकमा ठरविलेल्या होत्या. अलीगढच्या स्ट्रेची हॉलच्या भिंतींवर अशी नावे आजही वाचता येतात. या योजनेत देणगीचे दर उघड होते. 25 रुपये देणाऱ्यालाही आपण इमारतीचा एक तुकडा उभा केला, असे वाटे. पंजाबच्या दौऱ्यांत (1884) मेजवानी देऊ इच्छिणाऱ्यांना ते मेजवानीऐवजी तिचा खर्च कॉलेजला देण्याची विनंती करीत. प्रदर्शनात पुस्तके विकणे, रंगमंचावर उभे राहणे, लॉटरी काढणे हेही त्यांनी केले.

लॉटरीवर अर्थातच टीका झाली. तिला जुगार मानणाऱ्यांचा आक्षेप केवळ कर्मठपणाचा नव्हता. ज्या समाजाकडून पैसा घ्यायचा त्याच्या हलाल-हरामच्या कल्पनांना धक्का देणारी पद्धत वापरली, तर एकदा रक्कम मिळते. परंतु पुढच्या वेळी दार उघडेलच याची खात्री राहत नाही. निधीची पद्धत हीसुद्धा संस्थेच्या चारित्र्याचा भाग असते.

2. अलीगढ : सांभाळण्यातील अपयश

अलीगढच्या इतिहासाचा हाच अर्धा भाग सांगून पुष्कळ लेख थांबतात. उरलेला अर्धा भाग अधिक उपयुक्त आहे.

कॉलेजचा कारभार दीर्घकाळ सर सय्यद यांच्याच भोवती फिरत राहिला. 1889 मध्ये विश्वस्तांविषयीचे नियम करताना त्यांनी आपले पुत्र सय्यद महमूद यांना संयुक्त सचिव करण्याचा आग्रह धरला. त्यावरून मौलवी समीउल्ला खान यांच्यासारखे प्रारंभापासूनचे सहकारी दुरावले. मतभेदाचे तपशील बाजूला ठेवले तरी परिणाम स्पष्ट होता. सचिवाला प्रश्न विचारू शकतील अशी माणसे कारभारातून कमी झाली.

1895 मध्ये उघडकीस आले की कार्यालयातील मुख्य कारकुनाने खोट्या सह्यांच्या आधारे कॉलेजच्या लाखाहून अधिक रुपयांची अफरातफर केली होती. हा प्रकार एका दिवसात घडला नव्हता. बँकेचे व्यवहार इंग्रजीत चालत, सर सय्यद यांना इंग्रजी बेताचेच येत होते आणि त्यांचा कारकुनावर पूर्ण विश्वास होता. पैशापैशासाठी गावोगाव फिरलेल्या वृद्ध संस्थापकाच्या डोळ्यांदेखत तिजोरी रिकामी झाली. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी कोणी शंका घेतली नाही. तथापि संस्थेच्या पतीला धक्का बसला, विद्यार्थीसंख्या घसरली आणि 27 मार्च 1898 रोजी सर सय्यद यांचे निधन झाले तेव्हा कॉलेज अत्यंत बिकट अवस्थेत होते.

येथे एक भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. सचिव प्रामाणिक असणे आणि हिशेब सुरक्षित असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली गोष्ट स्वभावाची आहे, दुसरी व्यवस्थेची. पैसा स्वीकारणारा, नोंद करणारा, धनादेशावर सही करणारा आणि बँकेच्या पासबुकाशी वही ताडून पाहणारा या चार भूमिका निरनिराळ्या हातांत असत्या, तर हा अपहार इतका काळ लपून राहणे कठीण होते. आजही लहान संस्थांमध्ये एकच विश्वासू कारकून ही चारही कामे करतो आणि कार्यकारिणी त्याला संस्थेची निष्ठा समजते. तपासणी म्हणजे अविश्वास, हा समज दूर होणे त्या कारकुनाच्याही हिताचे आहे. कारण हिशेब ताडलेला असेल तर त्याच्यावर खोटा आळही येऊ शकत नाही.

सर सय्यद यांच्यानंतर नवाब मोहसिनुल मुल्क यांनी धुरा घेतली. ते दीर्घकाळ हैदराबाद संस्थानच्या सेवेत राहिलेले अनुभवी प्रशासक होते. सर सय्यद स्मारक निधीसाठी 10 लाख रुपयांचे लक्ष्य ठरविण्यात आले आणि कॉलेजचे विद्यापीठ करणे हा त्याचा हेतू जाहीर करण्यात आला. तूट भरून काढण्यासाठी मदत मागण्याऐवजी पुढच्या टप्प्यासाठी मदत मागितली गेली, हे विशेष. 1910–11 मध्ये आगा खान यांच्या नेतृत्वाखाली विद्यापीठ निधीसाठी देशभर दौरे झाले. भोपाळच्या सुलतान जहाँ बेगम यांचा या कार्याला सक्रिय पाठिंबा होता आणि 1920 मध्ये विद्यापीठ स्थापन झाल्यावर त्याच पहिल्या कुलपती झाल्या. म्हणजे कोनशिलेपासून विद्यापीठापर्यंत 43 वर्षे लागली. निधिसंकलनाचे नियोजन किती लांबचे असावे लागते, याचे हे उदाहरण आहे.

3. कर्वे : मोठी देणगी आणि लहान देणग्या

महाराष्ट्रात याच काळात धोंडो केशव कर्वे (1858–1962) यांचे कार्य चालू होते. 1896 मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, 1900 मध्ये तो पुण्याजवळ हिंगणे येथे नेला आणि 1916 मध्ये महिला विद्यापीठाची स्थापना केली. फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक असलेले कर्वे सुट्ट्यांमध्ये वर्गणीसाठी फिरत. विधवांच्या शिक्षणाचे काम लोकप्रिय नव्हते. त्यामुळे त्यांना जे मिळे ते थोडे आणि अनेकांकडून मिळे.

1920 मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी विद्यापीठासाठी 15 लाख रुपयांची देणगी जाहीर केली. त्यांच्या मातोश्रींचे नाव विद्यापीठाला देण्यात आले आणि ते श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ झाले. पुढे 1936 मध्ये विद्यापीठाचे मुख्यालय पुण्याहून मुंबईला गेले. मोठ्या देणगीमुळे संस्था एका झटक्यात स्थिर होते हे खरे. परंतु तिचे नाव, जागा आणि प्राधान्यक्रम यांवर त्या देणगीची छाया पडते. ही छाया वाईटच असते असे नाही. ती आधी ओळखून, अटी लेखी करून, त्या सर्व सदस्यांपुढे ठेवून मगच देणगी स्वीकारावी, एवढाच बोध घ्यावयाचा.

येथे आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. 15 लाखांच्या देणगीनंतरही कर्वे फिरायचे थांबले नाहीत. 1929–30 मध्ये, वयाची सत्तरी उलटल्यावर, त्यांनी युरोप, अमेरिका व जपानचा दौरा केला आणि सुमारे 27,000 रुपये जमविले. त्यानंतर लगेच पूर्व व दक्षिण आफ्रिकेत जाऊन तेथील भारतीयांकडून सुमारे 34,000 रुपये गोळा केले. 15 लाखांच्या तुलनेत या रकमा किरकोळ वाटतात. परंतु एका दात्याच्या बळावर उभी असलेली संस्था त्या दात्याच्या वारसांच्या मर्जीवर उभी असते. हजार लोकांनी थोडे थोडे दिलेली संस्था समाजाची असते. शिवाय मोम्बासापासून टोकियोपर्यंत विद्यापीठाचे नाव पोचले, याचे मोल रकमेत मोजता येत नाही.

4. सातारा : मूठभर धान्याचे अर्थशास्त्र

कर्मवीर भाऊराव पाटील (1887–1959) यांनी 4 ऑक्टोबर 1919 रोजी कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. 1924 मध्ये संस्था साताऱ्याला आली. तेथील वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले, मुसलमान मुलांसह, एकत्र राहत व एकत्र जेवत. 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाला छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले.

संस्थेच्या कामाला वाहून घेण्यापूर्वी भाऊराव ओगले यांच्या काच कारखान्याचे आणि किर्लोस्करांच्या नांगराचे विक्रेते म्हणून खेडोपाडी हिंडले होते. हा अनुभव त्यांना निधिसंकलनात उपयोगी पडला. शेतकऱ्याच्या हातात रोकड केव्हा असते, केव्हा नसते आणि कोणत्या घरात कोणाचा शब्द चालतो, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून रोकड नसलेल्या घरांतून त्यांनी मूठभर धान्य मागितले. बाईने दळण-कांडणाच्या वेळी एक मूठ बाजूला ठेवायची आणि ती वसतिगृहासाठी द्यायची. या ‘मुष्टिफंडा’मुळे तीन गोष्टी साधल्या. देणारा गरीब असला तरी दाता झाला. घरातील स्त्री, जिच्या हातात पैशाचा व्यवहार नव्हता, ती दात्री झाली. आणि ज्या घरातून धान्य गेले त्या घरातील मूल शाळेत जाण्याची शक्यता वाढली.

भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी वसतिगृहातील मुलांच्या अन्नासाठी आपले दागिने मोडले, अगदी मंगळसूत्रही विकले. मागणाऱ्याने आधी स्वतः दिलेले असेल तर त्याच्या शब्दाला वजन येते. विद्यार्थ्यांनीही श्रमातून आपला वाटा उचलावा, या विचारातून ‘कमवा आणि शिका’ योजना आली. 1947 मध्ये साताऱ्यात स्थापन झालेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजात ती प्रत्यक्षात राबविली गेली.

या विस्तृत पायाची परीक्षा 1948 नंतर झाली. गांधीहत्येनंतरच्या घटनांवरील भाऊरावांच्या वक्तव्यांमुळे तत्कालीन मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान रोखले. शिक्षकांचे पगार देणे अवघड झाले. त्या वेळी सामान्य लोक मदतीला आले, गाडगे महाराजांसारख्या संतपुरुषाने संस्थेच्या पाठीशी आपले वजन उभे केले आणि पुढे अनुदान पुन्हा सुरू झाले. शासकीय अनुदान हे उत्पन्न आहे, पाया नव्हे. हा फरक रयतेच्या या प्रसंगातून जितका स्पष्ट होतो तितका क्वचितच अन्यत्र होतो.

5. जामिया : आश्रयदात्याकडून हमदर्दांकडे

जामिया मिल्लियाची स्थापना 29 ऑक्टोबर 1920 रोजी अलीगढ येथे असहकाराच्या वातावरणात झाली. सरकारी अनुदान घ्यायचे नाही, हे तिचे तत्त्वच होते. खर्चाचा मुख्य भार खिलाफत समिती उचलीत असे. मार्च 1924 मध्ये तुर्कस्तानने खिलाफतच रद्द केली आणि चळवळीबरोबर तिचा निधीही आटला. 1925 मध्ये संस्था दिल्लीत करोलबागेत आली. हकीम अजमल खान स्वतःच्या खिशातून आणि स्वतःच्या शब्दावर पैसे उभे करीत तिचा खर्च चालवीत होते. 29 डिसेंबर 1927 रोजी त्यांचे निधन झाले आणि जामिया बंद करावी काय, हा प्रश्न पुन्हा उभा राहिला.

हैदराबादेत जन्मलेले आणि 1926 मध्ये जर्मनीहून परतलेले डॉ. झाकिर हुसेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1928 मध्ये ‘अंजुमन-ए-तालीम-ए-मिल्ली’ स्थापन केली. अकरा शिक्षकांनी 20 वर्षे जामियाची सेवा करण्याची आणि महिना 150 रुपयांहून अधिक वेतन न घेण्याची प्रतिज्ञा केली. प्रत्यक्षात त्यांनी याहून पुष्कळ कमी घेतले आणि तेही नियमित मिळत नसे. वर्ध्याचे शेठ जमनालाल बजाज यांनी या काळात जामियाच्या आर्थिक कामात हात दिला.

याच्याच जोडीला शफीकुर्रहमान किदवाई यांच्या पुढाकाराने ‘हमदर्दान-ए-जामिया’ ही चळवळ उभी राहिली. एका मोठ्या आश्रयदात्याच्या जागी लहान रकमा नियमित देणाऱ्या अनेक हितचिंतकांचे जाळे विणावे, ही तिची कल्पना होती. दाता एकदाच भेटून विसरला जाऊ नये, त्याला संस्थेची खबर मिळत राहावी आणि त्याने दरवर्षी पुन्हा द्यावे, यावर तिचा भर होता. 1 मार्च 1935 रोजी ओखला येथील इमारतीची कोनशिला जामियाच्या सर्वांत लहान विद्यार्थ्याच्या हस्ते बसविण्यात आली. संस्था कोणासाठी आहे, हे दात्यांना सांगण्यासाठी याहून नेमका मार्ग शोधणे कठीण.

सर सय्यद यांच्या अलीगढला व्यक्तीपासून व्यवस्थेकडे जाण्यासाठी संकटाची किंमत मोजावी लागली. जामियाने संकटातच व्यवस्था उभारली. दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवली म्हणजे प्रास्ताविकातील प्रश्नाचे उत्तर मिळते. कार्यकर्त्यांचा जाहीर त्याग, दात्यांची व्याप्ती आणि हिशेबाची उघड तपासणी या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे व्यक्तीवरचा विश्वास संस्थेकडे सरकतो. यांपैकी तिसरी गोष्ट सुटली तर पहिल्या दोन पुरेशा ठरत नाहीत.

6. आजच्या कार्यासाठी काही सूत्रे

वरील इतिहासावरून निधिसंकलन करणाऱ्या शिक्षकांना पुढील सूत्रे मांडता येतील.

(अ) हेतू मोजता येईल असा सांगावा. ‘संस्थेला मदत करा’ यापेक्षा एका मुलीचा वर्षाचा वसतिगृहाचा खर्च किती, हे सांगणे अधिक परिणामकारक असते. 25 रुपयांची भिंत आणि एक मूठ धान्य यांचे यश याच नेमकेपणात होते.

(आ) जकात व इतर देणग्या यांची खाती स्वतंत्र ठेवावीत. जकातीचे लाभार्थी कुरआनच्या सूरह तौबामध्ये (9:60) आठ वर्गांत निश्चित केलेले आहेत. त्यामुळे जकातीची रक्कम इमारतीकडे किंवा सरसकट वेतनाकडे वळविण्यापूर्वी जाणकार उलेमांचे मत घेणे आणि दात्याला ते कळविणे अगत्याचे आहे. सदका व सर्वसाधारण देणग्यांबाबत मोकळीक अधिक असते. परंतु दात्याने सांगितलेला हेतू तेथेही बंधनकारक मानावा.

(इ) पावती तत्काळ द्यावी. आयकर सवलतीचे प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांनी हे लक्षात ठेवावे की 2000 रुपयांहून अधिक रोख देणगीवर दात्याला ही सवलत मिळत नाही. मोठ्या रकमा बँकेमार्फतच घेणे दोघांच्याही सोयीचे.

(ई) आखाती देशांतील किंवा अन्य परदेशस्थ हितचिंतकांकडून मदत घेताना विशेष दक्षता घ्यावी. कर्वे आफ्रिकेतून वर्गणी घेऊन आले तो काळ आता राहिला नाही. विदेशी अंशदान नियमन कायदा, 2010 व त्यातील 2020 च्या दुरुस्त्यांनुसार परकीय निधीसाठी नोंदणी व दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खाते आवश्यक आहे. हा निधी दुसऱ्या संस्थेकडे वळविता येत नाही. भारतीय नागरिकाने स्वतःच्या कमाईतून पाठविलेली रक्कम आणि परकीय नागरिकाची देणगी यांत कायदा भेद करतो. म्हणून दात्याचे नागरिकत्व आधी विचारावे.

(उ) कंपनी कायदा, 2013 नुसार विशिष्ट मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावी लागते. या निधीसाठी अर्ज अवश्य करावा. परंतु वेतनासारखा नित्य खर्च त्यावर टाकू नये, कारण कंपनीचे प्राधान्य वर्षागणिक बदलते.

(ऊ) एकूण उत्पन्नात एकाच दात्याचा किंवा एकाच अनुदानाचा वाटा किती, हे दरवर्षी कार्यकारिणीपुढे मांडावे. तो निम्म्याहून अधिक झाला तर त्याला यश समजू नये, इशारा समजावा.

(ए) लेखापरीक्षित जमाखर्च दात्यांना मराठी-उर्दूत, सर्वांना कळेल अशा एका पानावर पाठवावा. अलीगढचा अपहार ज्या अपारदर्शकतेत लपला तिच्यावर हाच उपाय आहे.

समारोप

देणगी मागणे हे काम कमीपणाचे वाटून अनेक शिक्षक ते टाळतात. सर सय्यद, कर्वे, भाऊराव आणि झाकिर हुसेन या चौघांपैकी कोणालाही ते कमीपणाचे वाटले नाही. कारण ते स्वतःसाठी मागत नव्हते आणि मागितलेल्या रकमेचा जाब देण्याचे ओझे आपल्यावर आहे, हे ते जाणून होते. ज्या ठिकाणी ते ओझे एका विश्वासू माणसाच्या खांद्यावर सोपवून इतर मोकळे झाले, तेथेच घात झाला. पावतीपुस्तक हाती घेणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने वर्षाअखेरीस आपल्याच संस्थेची जमाखर्चाची वही मागून पाहिली, तर या इतिहासाचा उपयोग झाला असे म्हणता येईल.